सेनगावच्या गोदामातली खूणबत्ती

मित्रांनो, मी एक जुनी खूणबत्ती आहे. हे नाव तुम्ही कधी ऐकले नसेल, कारण माझ्यासारख्या सगळ्या मिळून चारच झाल्या आणि त्या चारही सेनगावच्या एका लहानशा दुकानात तयार झाल्या. दिसायला मी हातात धरायच्या बॅटरीसारखी आहे. फक्त पुढे काचेच्या जागी सागवानी लाकडाची चपटी जीभ आहे आणि पाठीवर आकड्यांची तीन चाके आहेत. उजेड पाडणे हे माझे काम कधीच नव्हते. पोत्याला बांधलेली चिठ्ठी वाचायची आणि आत काय आहे ते सांगायचे, एवढेच माझे काम.

मला घडवले ते जळबांनी. जळबा मूळचे शिरड शहापूरचे. फौजेत दहा वर्षे त्यांनी वायरलेसचे संच दुरुस्त केले. डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले तेव्हा ते घरी परतले आणि सेनगावला बाजाराच्या रस्त्यावर त्यांनी रेडिओ आणि घड्याळे दुरुस्त करण्याचे दुकान टाकले. विहारातला कर्णा बिघडला तर तोही त्यांच्याकडेच येई. त्यांची पत्नी केशरबाई म्हणायच्या की ह्या माणसाला बिघडलेली वस्तू दिली की जेवणाची आठवण राहत नाही.

१९७२ साली पाऊस गेला. तेव्हा आमचे हिंगोली परभणी जिल्ह्यात होते. गावोगाव दुष्काळी कामे निघाली, आणि सेनगावच्या गोदामात कामावरच्या लोकांसाठी परदेशातली लाल ज्वारी येऊ लागली. तिला सगळे मिलो म्हणत. त्याच गोदामात पुढच्या हंगामाचे ज्वारीचे बियाणेही येई. बियाण्याला कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळलेले असे आणि त्या औषधाचा रंग गुलाबी होता. पोती दोन्हींची सारखीच. पोत्यावरचे शिक्के इंग्रजीत, तेही घामाने आणि धुळीने पुसलेले. लाल ज्वारी आणि गुलाबी ज्वारी अंधाऱ्या गोदामात शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. आता तुमच्या लक्षात आले असेल की मला जन्म घेणे का भाग पडले.

गोदामाचे रखवालदार होते मुंजाजी, आणि पोती शिवण्याचे काम पारुबाईंकडे होते. पारुबाई जवळच्या तांड्यातल्या. त्यांचे आजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून लांबच्या बाजारांना जात आणि आपला माल ओळखू यावा म्हणून सुतळीला वेगळी गाठ मारत. पारुबाईंना अक्षर वाचता येत नव्हते, पण ती गाठ त्यांच्या बोटांत होती. त्यांनी धान्याच्या पोत्याला एक आणि बियाण्याच्या पोत्याला दोन गाठी मारायला सुरुवात केली होती. अंधारात नुसते चाचपून त्या सांगत की हे खायचे आणि हे पेरायचे. पण पोती शेकड्यांनी येऊ लागली तेव्हा एका माणसाची बोटे पुरेनात.

जळबा गोदामाचे घड्याळ दुरुस्त करायला गेले होते, तेव्हा त्यांनी ह्या गाठी पाहिल्या. पारुबाईंना त्यांनी विचारले की गाठीऐवजी पुठ्ठ्याच्या चिठ्ठीला भोक पाडले तर चालेल का. पारुबाई म्हणाल्या, भोक चालेल, पण ते वाचणार कोण?

त्या प्रश्नातून माझा जन्म झाला.

जळबांनी चिठ्ठीची चार घरे ठरवली. पहिल्या घरात भोक म्हणजे औषध लावलेले बियाणे. उरलेल्या तीन घरांतली भोके माल कोणत्या खेपेचा ते सांगत. प्रत्येक चिठ्ठी मधोमध फाडता येई आणि दोन्ही अर्ध्यांवर सारखीच भोके असत. अर्धी पोत्यावर जाई आणि अर्धी गोदामात तारेला ओवून राही. प्रत्येक गावासाठी वेगळी तार होती.

पहिल्यांदा त्यांनी मला एकसंध बनवले. जुन्या बॅटरीच्या नळकांड्यातच घड्याळाच्या स्प्रिंगा, पितळी पट्ट्या, दिवा, सगळे कोंबले. तिसऱ्याच दिवशी गोदामाची धूळ आत गेली आणि एका स्प्रिंगेसाठी मला पूर्ण उकलावे लागले. जळबांना ते आवडले नाही. फौजेत त्यांनी पाहिले होते की संचाचा एक भाग बिघडला तर तेवढाच काढून दुसरा बसवतात, आणि संच त्याच तासाला पुन्हा बोलू लागतो. म्हणून त्यांनी माझे तीन तुकडे केले. सेल ठेवायची मूठ, चिठ्ठी वाचायची जीभ आणि मोडीत निघालेल्या जीपच्या मीटरमधून काढलेली आकड्यांची चाके. दिवा जसा खोबणीत घालून फिरवला की बसतो, तसे हे तीन भाग एकमेकांत बसत. कोणतीही जीभ कोणत्याही मुठीला लागे.

मग मी पारुबाईंच्या हातात गेले. त्यांनी मला धरून पाहिले आणि परत दिले.

“हे तुमच्या हाताचं हाय, जळबाभाऊ. माझ्या हातात बसत न्हाई.”

जळबांनी बारीक नळकांडे शोधले आणि मूठ पुन्हा केली. एकूण पाच वेळा केली. पाचव्या वेळी पारुबाई मला घेऊन थेट कामाला लागल्या.

माझे काम असे चाले. चिठ्ठी जिभेच्या फटीत सरकवायची आणि दांडी दाबायची. पहिल्या घरात भोक असेल तर पितळी टोक भोकातून पलीकडच्या पट्टीला टेकायचे आणि माझा लाल दिवा लागायचा. लाल दिवा लागला की पोते थांबवायचे. दिवा लागला नाही की पोते जाऊ द्यायचे. दर दाबाला चाक एका आकड्याने पुढे सरके. हमाल थांबून बघत. मुंजाजी आल्यागेल्याला सांगत की आमच्या गोदामात अशी बत्ती आहे जी पोत्याच्या पोटातले ओळखते. दोन महिन्यांत मी चार पोती अडवली. माझे कौतुक झाले, आणि खरे सांगते, मला ते आवडले.

मित्रांनो, माझ्या रचनेत एक मोठी चूक होती. ती जळबांना दिसली नाही, मुंजाजींना दिसली नाही आणि मलाही कळली नाही.

१९७३ चा एप्रिल होता. साखऱ्याजवळ रस्त्याचे काम चालू होते आणि तिथल्या छावणीला त्या सकाळी चौदा पोती जायची होती. आदल्या दिवशी गोदामातली एक थप्पी कोसळली होती आणि पुन्हा रचताना बियाण्याचे एक पोते धान्याच्या बाजूला गेले होते. अशा वेळेसाठीच तर मी होते. पण चार दिवसांपासून माझे सेल उतरत आले होते. दिवा लागे, पण निखाऱ्यावर राख बसावी तसा मंद. त्या सकाळी तर तो लागलाच नाही. मुंजाजी दारात उन्हात उभे राहून एकेक चिठ्ठी माझ्या जिभेत सरकवत होते. ते पोते आले. चिठ्ठीला पहिल्या घरात भोक होते. माझे पितळी टोक त्यातून गेले, पट्टीला टेकले आणि काहीच झाले नाही. मुंजाजींनी दिवा लागला नाही असे पाहिले आणि पोते सोडून दिले. त्या दिवशी मी चाळीस पोती पाहिली. चाकावर चाळीस आकडा बरोबर उमटला होता.

दुपारी पारुबाईंनी दारात सांडलेले दाणे झाडून घेतले. असे दाणे त्यांना घरी नेऊ देत. माती धुवावी म्हणून त्यांनी ते जर्मनच्या पातेल्यात घालून पाणी ओतले. पाणी गुलाबी झाले. त्यांनी ते ओतून पुन्हा पाणी घातले. तेही गुलाबी झाले. त्या मुंजाजींकडे गेल्या नाहीत. पातेले तसेच घेऊन त्या भर उन्हात जळबांच्या दुकानात आल्या.

जळबांनी पातेल्यात पाहिले आणि ते तसेच उठले. गोदामात येऊन त्यांनी मला उचलले आणि बियाण्याची एक खात्रीची चिठ्ठी माझ्या जिभेत घातली. दांडी दाबली. दिवा नाही. पुन्हा दाबली. मुंजाजींचा चेहरा उतरला. ते सांगू लागले की दिवा लागला नाही म्हणूनच त्यांनी पोती सोडली, एकही चिठ्ठी चुकवली नाही. ते खोटे बोलत नव्हते.

जळबांनी खिशातले नवे सेल मुठीत घातले. त्या दिवशी माल गेलेल्या तीन गावांच्या तीन तारा होत्या. त्यांनी एकेक अर्धी चिठ्ठी माझ्या जिभेतून काढायला सुरुवात केली. पहिली तार संपली. दुसरी संपली. साखऱ्याच्या तारेवरच्या नवव्या चिठ्ठीला माझा लाल दिवा लागला. एवढा लख्ख की मलाच लाज वाटली.

दुष्काळापुरता सेनगावच्या चौकीत एक वायरलेसचा संच बसवला होता आणि दुसरा साखऱ्याच्या छावणीत. साखऱ्याला जीप पोचायला दीड तास लागला असता. जळबा चौकीत गेले आणि जमादारांना त्यांनी सगळे सांगितले. जमादारांनी संच त्यांच्याकडे सरकवला. संचात खरखर फार होती. जळबांनी उजवा कान लावला. पलीकडे छावणीचे कारकून हिरासिंग होते. त्यांच्याकडे माझ्यासारखे यंत्र नव्हते, म्हणून जळबा त्यांना सावकाश म्हणाले,

“बोटानं पाहा. चिठ्ठीची फाटलेली कड डाव्या हाताला धरा. पहिल्या घरात भोक असंल, तर ते पोतं इख हाय.”

हिरासिंग गेले. खरखर चालू राहिली. पारुबाई चौकीच्या दाराशी पातेले घेऊन उभ्या होत्या. मी जळबांच्या हातात होते. मग पलीकडून आवाज आला. चिठ्ठी सापडली होती. पण पोते उघडलेले होते. दुपारच्या सुट्टीत अकरा बायकांना त्यातली ज्वारी वाटून झाली होती.

जळबांनी अकरा नावे विचारून घेतली. हिरासिंग आणि मुकादम कामावर धावले. नऊ बायका खडी फोडत होत्या आणि ज्वारी त्यांच्या गाठोड्यांत तशीच होती. दहावी घरी गेली होती, पण तिने जाते लावले नव्हते. अकराव्या मिराबाई. त्यांचे सासरे वसराम सकाळपासून उपाशी होते, म्हणून त्यांनी घरी जाताच दळून भाकरी केली होती. सासऱ्यांना दीड भाकरी वाढली आणि स्वतः अर्धी खाल्ली होती. माणसे पोचली तेव्हा वसराम ओकत होते आणि मिराबाईंना गरगरत होते. छावणीच्या जीपने दोघांना हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नेले.

जळबा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने हिंगोलीला गेले. मी त्यांच्या पिशवीत होते. मिराबाई सावरल्या होत्या. वसरामांचे मात्र दोन दिवस काही सांगता येईना. जळबा व्हरांड्यात बसून राहत. घरून केशरबाईंनी बांधून दिलेली भाकरी त्यांनी तशीच मिराबाईंना दिली. तिसऱ्या दिवशी वसराम उठून बसले. त्यांनी पाणी मागितले, मग विचारले की हा माणूस कोण. जळबांनी पिशवीतून मला काढले आणि त्यांच्यासमोर ठेवले. सगळे खरे सांगितले. बत्ती आपण केली, सेल उतरले होते, दिवा लागला नाही.

वसरामांनी मला हातात घेतले.

“दिवा लागला न्हाई म्हंजे, काय म्हनली ही?”

“काहीच न्हाई म्हनली.”

“मंग तुमी तिचं व्हय काहून समजले?”

वसराम रागाने बोलले नव्हते. त्यांना खरोखरच समजून घ्यायचे होते. मला मात्र त्या दिवशी माझी चूक समजली. खाण्याच्या पोत्याला मी गप्प राहत होते आणि मेल्यावरही गप्पच राहणार होते. दोन्ही गप्प बसणे बाहेरून सारखेच दिसत होते.

वसराम नऊ दिवसांनी घरी गेले.

जळबांनी दुकान आठ दिवस बंद ठेवले. गिऱ्हाइके घड्याळे घेऊन परत गेली. केशरबाईंनी त्यांना सांगितले की आता हे नीट करूनच उठा. मूठ चांगली होती, चाके चांगली होती. बदलायची होती ती जीभ. मी तीन तुकड्यांची होते म्हणून तेवढे सोपे गेले. नव्या जिभेला दोन दिवे आले. एक लाल, आणि दुसऱ्यावर चघळायच्या गोळीचा पारदर्शक हिरवा कागद चिकटवलेला. आता धान्याच्या चिठ्ठीलाही स्वतःचे भोक मिळाले. बियाणे असेल तर लाल, धान्य असेल तर हिरवा. दोन्हीपैकी काहीच लागले नाही, तर पोते जागचे हलायचे नाही.

पारुबाईंनी आणखी एक नियम घातला. रोज सकाळी दार उघडण्याआधी दोन खात्रीच्या चिठ्ठ्या माझ्या जिभेतून काढायच्या. लाल दिसला पाहिजे, हिरवा दिसला पाहिजे, तोही सावलीत नव्हे तर दारातल्या उन्हात. मुंजाजींनी हा नियम एक दिवसही मोडला नाही. एकदा सेल मिळेनात तेव्हा त्यांनी लॉरी दोन तास उभी ठेवली. लॉरीवाला पुष्कळ बोलला. मुंजाजी दारात आडवे उभे राहिले. शेवटी पारुबाईंनी प्रत्येक चिठ्ठी बोटाने चाचपून माल सोडला.

पुढची चार वर्षे मी काम केले. माझ्या तीन बहिणी तयार झाल्या. एक साखऱ्याला गेली, एक शिरड शहापूरला आणि एक दुकानात सुट्या भागांसाठी राहिली. १९७५ मध्ये परभणीहून एक मोठे साहेब पाहायला आले. जळबांनी त्यांच्यासमोर माझ्या मुठीतले सेल काढून घेतले आणि चिठ्ठी घालून दांडी दाबली. साहेबांनी विचारले की दिवा का लागत नाही.

“हेच आधी दाखवायचं होतं, साहेब,” जळबा म्हणाले. मग त्यांनी सेल घातले.

साहेबांनी फार स्तुती केली. दुकानातली माझी बहीण ते वर दाखवायला म्हणून घेऊन गेले. तिचे पुढे काय झाले ते कळले नाही. जळबांनी दोन पत्रे पाठवली, मग पाठवणे सोडून दिले.

नंतर बियाणे लहान, रंगीत पिशव्यांत येऊ लागले. पिशवीवर कवटीचे चित्र छापलेले असे. ते चित्र कोणालाही वाचता येते, आणि ते आले हे चांगलेच झाले. मला त्याचे वाईट वाटत नाही. १९७७ च्या हंगामानंतर मुंजाजींनी मला फळीवर ठेवले. त्यांनी मला पुसून ठेवले, कागदात गुंडाळले, पण सेल काढायचे विसरले. दीड वर्षात सेल फुटले. त्यातले पाणी माझ्या मुठीत पसरले आणि पितळ हिरवे पडले. फळीवर मी ऐकत होते, पोती येत होती, जात होती, पारुबाई कोणाशी तरी बोलत होत्या. मला कोणी उचलत नव्हते.

१९७९ च्या उन्हाळ्यात जळबा गोदामात आले आणि त्यांनी मला कागदातून काढले. मूठ पाहून ते नुसते ‘हं’ म्हणाले. शिरड शहापूरच्या बहिणीची जीभ मोडली होती, मूठ धड होती. ती मूठ त्यांनी मला बसवली. म्हणजे आता माझी मूठ बहिणीची आहे, जीभ दुसरी आहे, आणि पहिली म्हणावीत अशी फक्त आकड्यांची चाके उरली आहेत. मी तीच आहे की दुसरी, असा विचार कधी कधी मनात येतो. जळबा मला तीच समजतात, म्हणून मीही तसेच समजते.

आता मी त्यांच्या दुकानात टेबलाच्या खणात असते. परवा बाजाराच्या दिवशी मिराबाई आल्या. त्यांच्या भावाच्या घरी मडक्यात थोडी ज्वारी सापडली होती. ती खायची की पेरायची उरलेली, हे घरात कोणालाच आठवत नव्हते. रंग जुनाट झाला होता. मिराबाईंनी पुडी टेबलावर ठेवली आणि विचारले की तुमची बत्ती सांगेल का. जळबांनी खण उघडला, मला बाहेर काढले आणि खरे ते सांगितले. हिला फक्त चिठ्ठी वाचता येते. हिच्या पोटात दाणे ओळखायची अक्कल घातलेली नाही. ह्या पुडीला चिठ्ठी नाही, तेव्हा ही काहीच म्हणणार नाही.

मिराबाईंनी पुडी पुन्हा बांधली.

“मंग खायाची न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि बाजाराकडे निघून गेल्या.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी वस्तू पडून असेल तर तिच्यातले सेल काढून ठेवा, तिला कोरड्या फडक्याने पुसा, आणि एखादा भाग बिघडला म्हणून ती सगळीच टाकून देऊ नका. आणि तिला काही विचारले असता ती गप्प राहिली, तर तिच्या वतीने उत्तर ठरवू नका. हातातले पोते खाली ठेवा आणि कोणाला तरी विचारा.